दाखल्यावरचे जन्मस्थळ : सोनारी, शिकागो, कोपनहेगन आणि मनोविकारांचा हिशेब

#धागा

१/
शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ‘जन्मस्थळ’ नावाचा एक रकाना असतो. गाव, तालुका, जिल्हा. पुढे महाविद्यालयाच्या प्रवेशअर्जावर, वसतिगृहाच्या नोंदवहीत, स्पर्धा परीक्षेच्या अर्जात तोच मजकूर उतरत जातो. जात आणि जन्मतारीख या शेजारच्या रकान्यांवरून आपल्याकडे जेवढी धावपळ होते, तिच्या शतांशानेही या रकान्याकडे कोणी पाहत नाही. मात्र गेली नव्वद वर्षे जगातील मनोविकारतज्ज्ञ आणि संख्याशास्त्रज्ञ याच रकान्यावर वाद घालीत आले आहेत.

२/
प्रश्न साधा आहे. माणूस शहरात जन्मला की खेड्यात, यावरून पुढे तरुणपणी त्याला सायकोसिस होण्याचा संभव बदलतो काय?

सायकोसिस म्हणजे वास्तवाशी असलेले नाते तुटणे. नसलेले आवाज ऐकू येणे, कोणी आपल्यावर पाळत ठेवतो असा अढळ समज होणे, विचारांची साखळी विस्कटणे. स्किझोफ्रेनिया हा त्यातला सर्वांत परिचित आजार. त्याची सुरुवात बहुधा विशीच्या आसपास होते, म्हणजे ज्या वयात मुले गाव सोडून विद्यापीठात जातात नेमक्या त्याच वयात. म्हणून या प्रश्नात विद्यार्थी हा केवळ सोयीचा नमुना राहत नाही. आजाराचे वय आणि स्थलांतराचे वय त्याच्या ठायी एकत्र येतात.

३/
उदाहरणासाठी गाव घेऊ सोनारी. तालुका परंडा, जिल्हा धाराशिव. भैरवनाथाचे प्राचीन देवस्थान, देवळाभोवती निर्धास्त वावरणारी माकडे, चैत्रातली यात्रा. जवळचे मोठे गाव म्हणजे बार्शी, आणि ते सोलापूर जिल्ह्यात. दवाखाना, बाजार, महाविद्यालय यांसाठी या पट्ट्यातला माणूस जिल्ह्याच्या ठिकाणापेक्षा बार्शीकडेच अधिक वळतो. ही बार्शी लक्षात ठेवावी, पुढे तिचे काम आहे.

सोनारीत जन्मलेली एक मुलगी किंवा मुलगा डोळ्यांसमोर आणू. बारावीपर्यंत गावात आणि तालुक्याला, मग पुण्यात. दुसऱ्या वर्षी आजार सुरू झाला. हा रुग्ण कोणाच्या खात्यावर मांडायचा? खेड्याच्या की शहराच्या?

४/
एकोणिसाव्या शतकातील युरोपीय वैद्यकाला या प्रश्नाचे उत्तर आधीच ठाऊक होते, किंवा तसे त्याला वाटत होते. वेड हा सुधारणेचा रोग. यंत्रे, स्पर्धा, शहरांची गर्दी यांनी मेंदू शिणतो आणि भ्रमिष्टांची संख्या वाढते. याच सिद्धान्ताची दुसरी बाजू वसाहतीत उपयोगी पडली : हिंदुस्थानातील खेडूत सुधारणेपासून दूर, म्हणून वेडापासूनही दूर. या विधानात कौतुक किती आणि तुच्छता किती, हे वाचकाने ठरवावे. पुरावा मात्र फारसा नव्हता. वेड्यांची इस्पितळे शहरांत होती, त्यामुळे वेडेही शहरांतच मोजले जात होते.

५/
पहिले नीट मोजमाप आले ते १९३२ साली. नॉर्वेचा मनोविकारतज्ज्ञ अर्नुल्फ ओडेगार्ड याने अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात जाऊन स्थायिक झालेल्या नॉर्वेजियनांची तुलना मायदेशी राहिलेल्या नॉर्वेजियनांशी केली. स्थलांतरितांत स्किझोफ्रेनियाने इस्पितळात येणारे सुमारे दुप्पट निघाले. त्याचे स्वतःचे स्पष्टीकरण असे की, जे मूळचेच अस्वस्थ, ज्यांचे मन गावात रमत नाही, तेच देशांतराला निघतात. म्हणजे आजाराचे बीज परदेशच्या मातीत नसून निघणाऱ्याच्या ट्रंकेत होते.

६/
१९३९ साली शिकागोहून नेमके उलटे उत्तर आले. रॉबर्ट फॅरिस आणि वॉरन डनहॅम या दोघा समाजशास्त्रज्ञांनी शहरातील मनोरुग्णांचे पत्ते नकाशावर मांडले. स्किझोफ्रेनियाचे प्रमाण शहराच्या मध्यभागी, भाड्याच्या खोल्यांच्या, रोज माणसे बदलणाऱ्या मोडकळीस आलेल्या वस्त्यांत सर्वाधिक होते आणि बाहेरच्या स्थिर उपनगरांकडे जावे तसे ते उतरत गेले. उन्माद-अवसादाच्या आजारात असा नकाशा उमटला नाही. त्यांचा निष्कर्ष : एकाकीपण माणसाला आजारी करते.

७/
ओडेगार्ड म्हणतो, आजारी माणूस शहरात येतो. शिकागोकर म्हणतात, शहर माणसाला आजारी करते. पुढची पन्नास वर्षे हा वाद ‘आधी अंडे की आधी कोंबडी’ या वळणाने चालला. १९६३ साली इंग्लंडमधील गोल्डबर्ग आणि मॉरिसन यांनी एक साधी युक्ती केली. रुग्णांच्या धंद्याबरोबर त्यांच्या वडिलांचा धंदाही पाहिला. वडील समाजाच्या सर्व थरांत नेहमीप्रमाणे विखुरलेले होते, मुलगे मात्र खालच्या थरात गोळा झालेले. आजाराने माणूस खाली घसरतो, हे दिसले. तेव्हा शिकागोच्या त्या खोल्यांमध्येही माणसे घसरत आलेली असणार, असा संशय बळावला.

८/
यातून सुटण्याचा मार्ग म्हणजे माणूस आज कोठे राहतो हे न पाहता तो जन्मला आणि वाढला कोठे हे पाहणे. आजार तर विशीत येतो. पाळण्यातले मूल आजारामुळे शहरात घसरून येऊ शकत नाही. अशा रीतीने तो दुर्लक्षित रकाना, जन्मस्थळ, एकदम मध्यभागी आला.

९/
१९९२ साली ग्लिन लुईस आणि सहकाऱ्यांनी स्वीडनमधील सक्तीच्या लष्करी भरतीची कागदपत्रे वापरली. १९६९-७० मध्ये भरतीला आलेले ४९,१९१ तरुण. वय अठरा ते वीस, म्हणजे आपल्या विद्यार्थ्यांचेच. कोण कोठे वाढला हे तेव्हाच लिहून घेतलेले होते, पुढे कोण आजारी पडला हे इस्पितळांच्या नोंदींतून कळले. शहरात वाढलेल्यांत स्किझोफ्रेनियाचे प्रमाण खेड्यात वाढलेल्यांच्या १.६५ पट निघाले.

१०/
मग डेन्मार्क. तेथे प्रत्येक नागरिकाला एक क्रमांक असतो आणि जन्मापासूनच्या नोंदी त्याला जोडलेल्या असतात. प्रेबेन बो मॉर्टेन्सेन यांनी १९९९ साली साडेसतरा लाख लोकांच्या नोंदी तपासल्या. राजधानीत जन्मलेल्यांचा धोका ग्रामीण भागात जन्मलेल्यांच्या २.४ पट. ज्यांच्या आईला हा आजार होता त्यांचा धोका अर्थातच फार मोठा, ९.३ पट. पण खरी गंमत पुढच्या हिशेबात आहे. आई-वडिलांना आजार असलेली माणसे थोडी, शहरात जन्मलेली असंख्य. त्यामुळे एकूण रुग्णसंख्येतील किती वाटा कशाच्या माथी मारता येईल, असा हिशेब केल्यावर कौटुंबिक इतिहासाच्या वाट्याला ५.५ टक्के आले आणि शहरी जन्माच्या वाट्याला ३४.६ टक्के.

११/
हा आकडा जगभर गाजला. दोन वर्षांनी पेडरसन आणि मॉर्टेन्सेन यांनी आणखी बारकाईने पाहिले तेव्हा जन्माचा क्षण तेवढा महत्त्वाचा नसून पहिल्या पंधरा वर्षांत शहरात घालवलेली वर्षे महत्त्वाची ठरतात, असे दिसले. पंधराही वर्षे राजधानीत काढलेल्यांचा धोका २.७५ पट. मात्रा वाढली की परिणाम वाढतो, या न्यायाने पुरावा भक्कम झाला.

नेमके कारण काय, यावर मात्र एकमत नाही. गर्भारपणातील संसर्ग, धूर, शिशाचे प्रदूषण, लहानपणची दाटी, शेजारधर्माचा अभाव. यादी लांब आहे. २०११ साली जर्मनीतील मानहाइमच्या संशोधकांनी निरोगी स्वयंसेवकांना मेंदूची प्रतिमा घेणाऱ्या यंत्रात घालून कठीण गणिते सोडवायला लावली आणि वर त्यांची खरडपट्टीही काढली. जे शहरात वाढले होते त्यांच्या मेंदूतील ताणाचे नियमन करणारा भाग वेगळ्या रीतीने वागला. पण वेगळा म्हणजे आजारी नव्हे.

१२/
येथवरची कथा नीट ओळखून घ्यावी. नॉर्वे, शिकागो, स्वीडन, डेन्मार्क, जर्मनी. पाठ्यपुस्तकांत ‘शहरी जन्म हा धोक्याचा घटक’ असे वाक्य छापले जाते तेव्हा ते शहर हे असे शहर असते आणि ते खेडे हे असे खेडे असते. या वाक्यावरून सोनारीच्या विद्यार्थ्याला अभय द्यायचे काय?

१३/
आपल्याकडच्या कागदांचा इतिहास पाहू. ब्रिटिश काळात जनगणनेत ‘व्यंगे’ या सदराखाली आंधळे, मुकबधिर, कुष्ठरोगी यांच्यासह वेड्यांचीही गणती होत असे. १९३१ नंतर ती थांबली. गणती करणारा कोण? गावचा पाटील, तलाठी, शाळामास्तर. कुटुंबातील उपवर मुलीच्या डोक्यावर परिणाम झाला आहे हे त्यांना कोण सांगणार? म्हणून त्या कोष्टकांत खेड्यांतील आकडे लहान दिसले की मला सुधारणेचा सिद्धान्त आठवत नाही, उंबऱ्यात उभा असलेला घरचा कर्ता पुरुष आठवतो.

१४/
इस्पितळांच्या नोंदवह्यांची गोष्ट त्याहून बोलकी. ‘वेडाचे कारण’ या रकान्यात ‘गांजा’ असा शेरा इतक्या वेळा येई की सरकारने १८९३ साली गांजा, भांग, चरस यांच्या चौकशीसाठी आयोगच नेमला. आयोगाने १८९२ सालचे रुग्ण एकेक करून पुन्हा तपासले. तेव्हा कळले की हा शेरा बहुधा रुग्णाला आणणाऱ्या पोलिसाने अंदाजाने लिहिलेला असे. रकाना रिकामा ठेवायचा नाही म्हणून लिहिलेला शब्द पुढे वार्षिक अहवालात संख्या होऊन बसे. बहुसंख्य शेरे टिकले नाहीत. भारतीय मनोविकारांच्या इतिहासातील हा फार मोलाचा धडा आहे, आणि तो जन्मस्थळाच्या रकान्यालाही तंतोतंत लागू पडतो.

१५/
स्वातंत्र्यानंतरची मोठी मोजणी जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने झाली. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात नऊ देशांत सुरू झालेल्या पाहणीत भारताकडून आग्रा होते. आग्र्याच्या रुग्णांची पुढील वाटचाल लंडन-वॉशिंग्टनच्या रुग्णांपेक्षा बरी दिसली, आणि ‘गरीब देशांत हा आजार सौम्य’ हे विधान रूढ झाले. त्यावर आजही भांडण आहे.

दुसरी पाहणी १९७८ पासूनची. तीत चंडीगड होते, आणि आपल्या विषयाला नेमकी हवी ती गोष्ट तेथे केलेली होती : चंडीगड शहर आणि भोवतालची खेडी यांची वेगवेगळी मोजणी.

१६/
निकाल काय? व्यापक व्याख्येने दर दहा हजारी वर्षाला नवे रुग्ण : शहरात ३.५, खेड्यांत ४.२. नेमक्या, काटेकोर व्याख्येने शहरात ०.९, खेड्यांत १.१. डेन्मार्कमधल्या अडीचपट फरकाचा येथे मागमूस नाही. उलट खेडे किंचित पुढे.

१७/
२०१८ साली जॉर्डन डिव्हायल्डर आणि सहकाऱ्यांनी अल्प व मध्यम उत्पन्नाच्या ४२ देशांतील दोन लाखांहून अधिक लोकांची माहिती एकत्र केली. शहरात राहणे आणि सायकोसिस यांचा संबंध सापडला नाही. ऐंशी-नव्वद वर्षांचा ‘वैश्विक’ नियम जगातील बहुसंख्य माणसे राहतात त्या देशांत उभाच राहत नाही.

पण घाई नको. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात महानगरांतील सायकोसिसचे प्रमाण (०.६४ टक्के) इतर भागांपेक्षा दोन ते तीन पट दिसले. मात्र तेथे रुग्ण आज कोठे राहतो ते पाहिले आहे, जन्मला कोठे ते नाही. म्हणजे आपण पुन्हा ओडेगार्ड आणि शिकागोच्या भांडणापाशी येऊन थांबलो. शिवाय ते सर्वेक्षण बारा राज्यांत झाले. त्या बारांत महाराष्ट्र नव्हता.

१८/
आता तो रकानाच तपासू. मराठी घरात जन्मस्थळ म्हणजे काय?

पहिले बाळंतपण माहेरी. सोनारीच्या सुनेचे पहिले मूल सोनारीत जन्मत नाही. ते करमाळ्याकडच्या, भूमकडच्या किंवा जामखेडकडच्या तिच्या माहेरी जन्मते आणि सव्वा-दोन महिन्यांनी, काही घरांत पाचव्या महिन्यात, वाजतगाजत सोनारीला येते. ते वाढते सोनारीत, आजोळची नोंद मात्र त्याला जन्मभर चिकटते. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानुसार जन्म जेथे घडला तेथे त्याची नोंद होते, आईवडील राहतात तेथे नव्हे.

१९/
त्यात आणखी एक वळण. गेल्या वीस वर्षांत, विशेषतः २००५ ची जननी सुरक्षा योजना आल्यानंतर, घरची बाळंतपणे झपाट्याने संपली. अडचणीची केस परंड्याहून बार्शीला जाते. त्या बाळाच्या दाखल्यावर बार्शी नगरपालिकेचा शिक्का. संशोधकाच्या तक्त्यात ते मूल ‘शहरी जन्म’! आयुष्यातले चार दिवस त्याने शहरात काढले, तेही आईच्या कुशीत आणि सलाईनच्या बाटलीखाली. एका पिढीत ग्रामीण महाराष्ट्र कागदावर शहरात जन्मू लागला आहे.

उलट बाजूही आहे. जुन्या पिढीत मूल शाळेत घालताना हेडमास्तरांनी जन्मतारीख १ जून टाकली आणि जन्मस्थळात गावाचे नाव ठोकले, हे कोणाला नवे नाही. शिवाय धाराशिव-बीडकडचे ऊसतोड मजूर. दिवाळीनंतर गाव सुटते, पट्टा पडेपर्यंत मुक्काम कारखान्याच्या तळावर कोपीत. त्या सहा महिन्यांत जन्मलेल्या मुलाचे जन्मस्थळ कोणते? कागदावर गाव, प्रत्यक्षात उसाचा फड.

२०/
‘ग्रामीण’ हा शब्दही तसाच निसरडा. १९६१ पासून आपल्या जनगणनेत एखादे गाव शहर ठरायचे तर लोकसंख्या किमान ५,०००, दर चौरस किलोमीटरला किमान ४०० माणसे आणि पुरुष कामगारांपैकी किमान तीन-चतुर्थांश शेतीबाहेर, अशा अटी आहेत. पाच हजार वस्तीचे गाव शेतीवर जगते म्हणून ते खेडे. २०११ च्या जनगणनेत धाराशिव जिल्ह्यातील सुमारे १७ टक्के लोकच शहरी होते. पण डेन्मार्कचे खेडे म्हणजे विखुरलेली शेतघरे. आपले खेडे म्हणजे भिंतीला भिंत लावून असलेली वस्ती, भावकी, वाडे, आणि वेशीबाहेरची वेगळी वस्ती. दाटी हे कारण मानले तर आमच्या गावठाणात ती भरपूर आहे. एकाकीपण हे कारण मानले तर ते गावातही जातीनुसार वाटलेले आहे.

२१/
आता विद्यापीठातील प्रश्नावल्या. इस्पितळात न आलेल्या विद्यार्थ्यांत धोक्याची पूर्वचिन्हे शोधण्यासाठी अमेरिकेतील रेचल लोवी आणि सहकाऱ्यांनी २००५ च्या सुमारास ९२ प्रश्नांची प्रश्नावली केली. पुढे तिची २१ प्रश्नांची लहान आवृत्ती आली. अशा प्रश्नावल्या आज जगभर विद्यार्थ्यांकडून भरून घेतल्या जातात. बाहेरची एखादी शक्ती आपल्याला चालवते असे वाटते का, इतरांना न दिसणारे काही दिसते-ऐकू येते का, अशा धर्तीचे प्रश्न.

२२/
भैरवनाथाच्या गावच्या मुलाने याचे उत्तर काय द्यावे? त्याने यात्रेत अंगात आलेले पाहिले आहे. कदाचित घरच्या आजीच्या अंगात येत असेल. देवाने कौल दिला, स्वप्नात येऊन सांगितले, ही त्याच्या घरची रोजची भाषा आहे. तो प्रामाणिकपणे ‘होय’वर खूण करतो आणि तक्त्यात खेड्याचा आकडा वाढतो. याच्या शेजारी बसलेली मुंबईची मुलगी ‘नाही’ लिहिते, कारण असे लिहिणे वेडेपणाचे दिसेल हे तिला ठाऊक आहे. समाजमान्य श्रद्धेतील अनुभव हा आजाराचे लक्षण धरू नये, असे निदानाच्या पुस्तकांतच म्हटले आहे. पण प्रश्नावली ही पुस्तक नसून गाळणी असते, आणि गाळणीची भोके कोणत्या धान्यासाठी पाडली आहेत हे महत्त्वाचे.

२३/
येथे थोडे विषयांतर. वेड आणि देवत्व यांचा शेजार मराठीत फार जुना आहे. महानुभावांचे गोविंदप्रभू तेराव्या शतकात विदर्भातील ऋद्धिपुरात वावरले. त्यांच्या चरित्रात त्यांचे वागणे वेड्यासारखे दाखवले आहे आणि गावकरी त्यांना सांभाळून घेतात. त्याच पंथाच्या मंदिरांत पुढे मनोरुग्णांना घेऊन कुटुंबे महिनोन्‌महिने राहू लागली. ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ विएडा स्कल्टान्स यांनी अशा एका मंदिरात राहून केलेला अभ्यास १९८७ साली प्रसिद्ध झाला. त्यांना दिसले ते असे की, आजारी माणसासोबत येणारी आईच पुष्कळदा ती पीडा आपल्या अंगावर घेते, घुमते. सांभाळणाऱ्याच्या शरीराने चुकते केलेले हे मोल कोणत्याही तक्त्यात येत नाही. हे वाचून गावाची ममता किती थोर असे म्हणण्याचा मोह होतो. मी तो आवरतो. देवळाच्या खांबाला साखळीने बांधलेली माणसेही याच परंपरेत होती.

२४/
परत विद्यार्थ्याकडे. माझ्या मते जन्मस्थळापेक्षा अधिक अर्थपूर्ण रकाना ‘अंतर’ हा आहे. लहानपण आणि विशी यांच्यामधले अंतर. लंडनच्या दक्षिण भागात २००१ साली झालेल्या एका अभ्यासात दिसले की, ज्या वस्तीत आपल्यासारखी माणसे थोडी, तेथे अल्पसंख्याकांतील स्किझोफ्रेनियाचे प्रमाण अधिक. आपली माणसे भोवती दाट असली की ते उतरते. तेव्हा शहर हे एक कारण नव्हे. शहरात आपण कोणाच्या सोबतीने आहोत, हे कारण असू शकते.

२५/
महाराष्ट्राला ही गोष्ट संशोधनाआधी कळली होती, असे म्हटले तर अतिशयोक्ती होईल, पण अगदी खोटेही होणार नाही. राजर्षी शाहूंनी १९०१ पासून कोल्हापुरात वसतिगृहे उघडली. भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांना एका पंगतीत बसवणारे वसतिगृह सुरू केले. हेतू शिक्षणाचा आणि समतेचा होता, मनोविकाराचा विचार तेथे नव्हता. तरी खेड्यातून आलेल्या मुलाभोवती माणसे असावीत, त्याचे जेवण कोणीतरी पाहावे, ही व्यवस्था त्यांनी उभी केली.

मराठवाड्याची वाट आणखी लांबची. निजामी राज्यात उच्च शिक्षणासाठी मराठी मुलाने हैदराबादला उस्मानियात जायचे आणि उर्दूत शिकायचे. १९३८ च्या ‘वंदे मातरम्’ आंदोलनात तेथून काढून टाकलेले विद्यार्थी नागपूर विद्यापीठात गेले. औरंगाबादला विद्यापीठ आले ते २३ ऑगस्ट १९५८ रोजी. म्हणजे परंडा तालुक्यातील पदवीधरांच्या कितीतरी पिढ्यांना शिक्षण आणि परदेश या दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्याच.

२६/
आज ती वाट पुण्याच्या पेठांत जाते. कॉट बेसिसवर खोली, मेसचा डबा, अभ्यासिकेत बारा तास. खोलीत चौघे असतात, पण चौघेही एकमेकांचे प्रतिस्पर्धी. गावी फोनवर ‘चाललंय’. झोप उडाली, कोणी आपला अभ्यास चोरतो असे वाटू लागले, मेसमधल्या जेवणात काही घातले आहे असा संशय आला, तर ते प्रथम कोणाच्या लक्षात येणार? शिकागोच्या नकाशातील भाड्याच्या खोल्या आणि या खोल्या यांच्यात ऐंशी-पंच्याऐंशी वर्षे आणि एक महासागर आहे, तरी वर्णन अस्वस्थ करण्याइतके जुळते. हा पुरावा नव्हे. ही तपासण्याजोगी शंका आहे.

२७/
आणि येथे युरोपीय सिद्धान्ताला मराठी कलाटणी मिळते. तिकडे आजारी माणूस घसरत शहराच्या मध्यभागी येतो. आपल्याकडे तो गावी परत नेला जातो. ‘पोरगं पुण्याला मानवलं नाही.’ ‘अभ्यासाचं डोक्यात गेलं.’ काका जाऊन सामान बांधून आणतात. मुंबईच्या गिरणीतून दमेकरी, क्षयरोगी कोकणात आणि देशावर परतत, तसेच हे. आजार शहरात सुरू झाला, मोजला गेला तर खेड्यात. चंडीगडच्या भोवतालची खेडी किंचित पुढे का दिसली, याचे एक कारण असेही असू शकेल. मुलींबाबत तर परतल्यावर लग्न उरकण्याची घाई होते आणि पत्ता पुन्हा बदलतो.

या परतीत वेळ जातो. आधी बाहेरचे, मग देवाचे, मग दवाखान्याचे. ‘आमच्या खेड्यात हे आजार नसतात, हे शहराचे चोचले’ हा जुना साहेबी सिद्धान्त आता आपणच आपल्या तोंडाने बोलतो. सायकोसिसमध्ये पहिले लक्षण आणि पहिले औषध यांतील काळ जितका लांबतो तितकी पुढची वाट बिकट होते, यावर जगभरच्या अभ्यासांत बऱ्यापैकी एकवाक्यता आहे. ठाणे, पुणे, नागपूर, रत्नागिरी ही राज्याची चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये. मराठवाड्याच्या वाट्याला त्यांतले एकही आले नाही.

२८/
आता बार्शी. मोजणी खेड्यात जमत नाही, लोक सांगत नाहीत, असे कोणी म्हणाले तर त्याला बार्शीचे उदाहरण द्यावे. १९८७ साली तेथे देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. क्षेत्र कोणते? बार्शी, परंडा आणि भूम या तीन तालुक्यांतील ३४६ गावे. कर्करोग हाही तेव्हा लपवण्याचा आजार होता, नाव घ्यायचे नाही असा. रुग्ण इस्पितळात येण्याची वाट न पाहता कार्यकर्ते गावोगाव गेले, सरपंच, शिक्षक, दाई यांच्याशी बोलले, लक्षणे समजावली, संशयित रुग्णांना तपासणीस आणले. आणि पत्ता लिहिताना राहते गाव लिहिले.

२९/
त्याच पायावर पुढे तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची मोठी चाचणी झाली. ५२ गट, १,३१,७४६ स्त्रिया. निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले : विषाणूची एकच तपासणी केलेल्या गटात या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर. जगाने आपली धोरणे या जिल्ह्यातील स्त्रियांच्या माहितीवरून बदलली. तुलनेच्या गटातील स्त्रियांना तपासणी दिली नाही यावरून पुढे नैतिक वादही झडला, आणि तो झडायलाच हवा होता.

३०/
म्हणजे परंडा तालुक्यातील एखाद्या गावात गेल्या पस्तीस-अडतीस वर्षांत कर्करोगाचे किती रुग्ण झाले, कोणत्या वयाचे, कोणत्या अवयवाचे, हे सांगता येते. त्याच गावातील किती मुले पुण्याहून, सोलापूरहून, संभाजीनगरहून ‘डोक्यावर परिणाम’ होऊन परतली, याची नोंदवही कोणी उघडलेली नाही. ती उघडायची ठरली तर रकाने निदान पाच हवेत : आई गर्भारपणी कोठे होती, मूल कोठे जन्मले, पंधरा वर्षांपर्यंत कोठे वाढले, आजार सुरू झाला तेव्हा कोठे आणि कोणाबरोबर राहत होते, आणि पहिल्या लक्षणापासून पहिल्या औषधापर्यंत किती महिने गेले.

३१/
ज्यांनी हा धागा घरातल्या कोणाकडे पाहत वाचला असेल त्यांच्यासाठी : केंद्र सरकारची टेलि-मानस ही दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. क्रमांक १४४१६. बोलणे मराठीतही होते आणि पैसे पडत नाहीत. फोन लावताना जन्मस्थळ कोणते हे ठाऊक असण्याची गरज नाही.

(धागा समाप्त)